तू विचारून थांबायचीस

शुभा,

तुझा आवाज ठेवायचा की काढायचा, हे ठरवायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. तुझे तेरा दिवस नुकतेच झाले होते. इंदूरला, पलासियाच्या ऑफिसात प्रियांका, मुलांना गणित शिकवणाऱ्या आपल्या ॲपचं तांत्रिक काम बघते ती, लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मग म्हणाली, "सर, नया वर्जन बन रहा है. मैडम तो अब... मतलब, वॉइस बदलनी है क्या?"

मी म्हणालो, बघतो.

तुला हसू येईल. आयुष्यात बहुतेकांना मी हेच उत्तर दिलंय. तू एकदा म्हणाली होतीस की माझ्या दारावरच्या पाटीवर आडनावाच्या जागी हाच शब्द लिहायला हवा. श्रीकांत बघतो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा असा निरोप आला तेव्हाही मी बघतोच म्हणालो. तुझा जन्म, शिक्षण, कोणत्या शाळेत किती वर्षं, हे सगळं तुझ्या लेकीने, गार्गीने लिहून पाठवलंय. ते त्यांनी चौकटीत छापावं, माझ्याकडून हे पत्रच घ्यावं. शोकसभेत मी माइकसमोर उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. तसं काही नव्हतं. जे बोलायचं होतं ते तिथे बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं काही बोलावंसं वाटेना.

ऑफिसच्या जिन्यात तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी त्याचं उत्तर दिलं नाही, उत्तरासारखं काहीतरी दिलं. खरं उत्तर आता देतो. पण आधी थोडं मागून यावं लागेल. मला थेट बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझ्या घराची ती मागची खोली आठव. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत होता. घरातल्या झाडून सगळ्या रजया तू खिडकीला आणि दाराला टांगल्या होत्यास. आत आपण दोघं, एक माइक, आणि चौथीच्या गणिताचे धडे. स्टुडिओला पैसे नव्हते आणि आवाज कुणाचा घ्यायचा याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. बी.एड.च्या वर्गात तू पाठ घ्यायचीस तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलं गप्प होऊन ऐकायची, हे मी पाहिलं होतं. तू घामाने निथळत ‘शाबाश’ म्हणत होतीस. वेगवेगळ्या तऱ्हेने शाबाश. मी म्हणायचो, हे जास्त खूष झालं, हे कमी. तू अस्सल इंदौरी सुरात म्हणालीस, "भिया, खऱ्या वर्गात मी इतक्या वेळा शाबाश म्हटलं असतं ना, तर पोरांनी मला वेडी समजून सोडून दिलं असतं."

भोपाळहून कुणीतरी कळवलं की मॅडमचं हिंदी फार इंदौरी वाटतं. तू शांतपणे म्हणालीस, मग सांवेरच्या पोरांना काय भोपाळला नोकरीला पाठवायचंय का? आणि पुढचं वाक्य आणखी इंदौरी करून म्हटलंस.

प्रत्येक वाक्य संपलं की तू माझ्याकडे बघून मराठीत विचारायचीस, "झालं का रे?" ते कापायचं काम माझं. सगळीकडचं कापलं, फक्त वजाबाकीच्या धड्याच्या शेवटचं राहून गेलं. त्या वर्षी इंदूरजवळच्या सांवेरच्या शाळेत टॅबलेट वाटले, पोरांनी धडा संपवला, आणि तुझा आवाज त्यांना म्हणाला, "झालं का रे?" ती भाषा कुणाला कळत नव्हती. पण प्रश्न कळला. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो गयो!" तू व्हरांड्यात हसत हसत खालीच बसलीस. ते दुरुस्त करू नकोस म्हणालीस. मी नाही केलं.

आपल्याला शोधायचं होतं ते साधं होतं. टॅबलेटने मुलं जास्त शिकतात का? त्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या होत्या. एकीला टॅबलेट द्यायचे, दुसरीला नाही, आणि वर्षाअखेरी दोन्ही तुकड्यांची परीक्षा घेऊन बघायचं. कुणाला द्यायचे हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं, हा आपल्या कामातला पहिला नियम. तू चिठ्ठ्या माध्यान्ह भोजनाच्या वाटीत ठेवल्यास आणि प्रार्थनेच्या रांगेतल्या सगळ्यात लहान मुलीला एक उचलायला लावलीस. ‘अ’ तुकडी निघाली. त्यांनी उड्या मारल्या. ‘ब’ तुकडीतली रानू, दोन वेण्या आणि नाकावर कायम खडूची पूड, तुझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मैडम, हमने कई गलती करी?" आमचं काय चुकलं, असं विचारत होती ती.

तू तिला चिठ्ठी म्हणजे काय ते समजावलंस. तिने मान हलवली. परतीच्या बसमध्ये तू एक शब्द बोलली नाहीस. मी आकडेमोडीचं काहीतरी सांगत होतो. आता कळतं की तुझा प्रयोग तिथेच संपला होता. माझा अजून सुरूही झाला नव्हता.

दोन्ही वर्गांत मागच्या बाजूला एकेक निरीक्षक बसणार होता. निरीक्षकाने मुलांशी बोलायचं नाही, मान हलवायची नाही, बरोबर-चूक चेहऱ्यावर दाखवायचं नाही. हे नियम तूच लिहिले होतेस आणि मला करून दाखवले होतेस, भिंतीसारखा चेहरा करून. सरांनी, म्हणजे आपल्या प्रकल्पप्रमुखांनी, मला ‘अ’ मध्ये बसवलं आणि तुला ‘ब’ मध्ये. बरोबरच होतं. तू ‘अ’ मध्ये बसली असतीस तर पोरं टॅबलेटमधला आवाज सोडून तुझ्याकडे वळून बघत बसली असती.

तेव्हा आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, शुभा. इतकी शिकलेली माणसं आपण. एका वर्गात तुझा आवाज होता आणि तू नव्हतीस. दुसऱ्या वर्गात तू होतीस आणि तुला बोलायला बंदी होती. आणि आपण समजत होतो की आपण टॅबलेटची परीक्षा घेतोय.

सांवेरच्या बसमध्ये आपण भांडायचो, ते भांडण मला आज सगळ्यात जास्त हवंय. घरी कुणी भांडायला नाही. ऑफिसात सगळे ‘जी सर’ म्हणतात. मी म्हणायचो, मशीन रागवत नाही, मारत नाही, जात विचारत नाही, रजेवर जात नाही. माझ्या वर्गात खिडकीजवळची एक मुलगी होती, तिला मास्तरांनी वर्षभरात कधी उभं केलं नव्हतं. ती टॅबलेटच्या अगदी जवळ तोंड नेऊन कुजबुजत उत्तरं द्यायची. चूक झाली की कुणाला कळायचं नाही, म्हणून ती चुकायला धजायची. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू बाहेरच्या सोयाबीनच्या शेतांवरून नजर माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालीस, "हे खरंय. हे लिही. हे नक्की लिही." तू अशी होतीस. हरलीस की ते कबूल करायचीस आणि ते मलाच लिहायला लावायचीस.

पण मग तू तुझं सांगायचीस. टॅबलेट प्रश्न विचारतो, तीन सेकंद थांबतो, आणि उत्तर आलं नाही तर माझ्या आवाजात म्हणतो, कोई बात नहीं, मैं बताती हूँ. "अरे यार, मी असं कधी म्हटलंय? तीन सेकंदांत तर पोर प्रश्न गिळतंय अजून. माझ्या तोंडून तू काय काय बोलवून घेतोयस." आणि पुढे, "त्या मशीनला कळत नाही श्री, की पोर गप्प का आहे. उत्तर येत नाही म्हणून गप्प, की उत्तर येतंय म्हणून गप्प."

तू आणखी एक गोष्ट पकडली होतीस, जी माझ्या कुठल्याही तक्त्यात नव्हती. दोन्ही तुकड्यांना गणित शिकवणारे मास्तर एकच होते. तू म्हणालीस, टॅबलेट आल्यापासून तेही बदललेत. ‘अ’ मधून ‘ब’ मध्ये येतात आणि प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देतात. आधी निदान खडू शोधेपर्यंत तरी थांबायचे. मशीनची घाई माणसाला लागली, असं तू म्हणालीस. मी म्हणालो, हे मोजणार कसं? तू म्हणालीस, मोजता येत नाही म्हणून ते होत नाही का?

ते तीन सेकंद मी ठरवले होते. बाकी कुणी नाही. सेटिंगमध्ये एक आकडा टाकायचा असतो, मी तीन टाकला. त्याहून जास्त वेळ पडदा गप्प राहिला की मला स्वतःलाच कसंतरी व्हायचं. वाटायचं, बिघडला.

मग तो दिवस. मास्तरांना पोर्टलवर मुलांची माहिती भरायला हेडमास्तरांनी बोलावून नेलं. असं हल्ली रोजच व्हायचं. शाळेत नेट आल्यापासून मास्तर वर्गात कमी आणि कॉम्प्युटरपुढे जास्त. ‘अ’ मधली मुलं टॅबलेटवर लागली होती. ‘ब’ मधली नुसती बसली होती. मी पाणी प्यायला व्हरांड्यात आलो आणि खिडकीतून पाहिलं, तू उठली होतीस.

तू फळ्याकडेही गेली नव्हतीस. मुलांच्या मधोमध जमिनीवर बसली होतीस, आणि कुणाच्या तरी खिशातले सोयाबीनचे दाणे फरशीवर मांडले होतेस. हातच्याची वजाबाकी. तू रानूला काहीतरी विचारलंस, आणि थांबलीस. मी खिडकीबाहेर उभा. रानू दाण्यांकडे बघत होती. कुणी मागून उत्तर सांगायला तोंड उघडलं, तू त्याच्याकडे न बघता हात वर केलास. आणखी थांबलीस. शुभा, मला ते सहन होईना. तिला सांगून टाक ना, असं वाटत होतं. तुझ्या चेहऱ्यावर मात्र जराही घाई नव्हती. एखादी बाई उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांकडे बघते तसं तू तिच्याकडे बघत होतीस. मग रानूने दहाची ढिगली मोडली, एकेक दाणा अलीकडे ओढला, आणि वर बघून हसली. तू शाबाश म्हटलं नाहीस. फक्त पुढचा प्रश्न विचारलास.

तेव्हा मान वर करून तू मला पाहिलंस. आपली नजरानजर झाली. मी परत माझ्या वर्गात जाऊन बसलो.

बसमध्ये तू म्हणालीस, "बघितलंस ना?"

मी म्हणालो, "जास्त करू नकोस. आकड्यांत दिसेल."

म्हणजे मला माहीत होतं. नुसतं माहीत होतं असंही नाही, माझी संमती होती. पुढे मास्तर जेव्हा जेव्हा उठून गेले तेव्हा तेव्हा तू जमिनीवर बसलीस, आणि मी पाणी प्यायला बाहेर आलो. मला ते बघायला आवडायचं, हे तुला कधी सांगितलं नाही. दुपारी तू आणलेल्या दोन डब्यांतला माझा डबा मी उघडायचो आणि तू विचारायचीस, भाजीत मीठ बरोबर आहे का? आपण त्याबद्दलच बोलायचो.

परीक्षा झाली. ‘ब’ तुकडी मागे पडायला हवी होती, ती पडली नाही. वजाबाकीत तर पुढेच होती. सरांनी बैठक बोलावली. तू तेव्हा गार्गीला पुण्याला होस्टेलवर पोहोचवायला गेली होतीस. शाळेत कुणीतरी सहज बोलून गेलं होतं की पीछेवाली मैडम भी पढ़ाती थीं, आणि ते सरांच्या कानावर आलं होतं. सरांचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "श्रीकांतजी, आप तो साथ ही जाते थे. आपको पता था?"

मी म्हणालो, "नहीं सर. मुझे कोई अंदाज़ा नहीं था."

तीन सेकंदसुद्धा घेतले नाहीत.

जिन्यातल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मला अंदाज नव्हता, असं मी सांगितलं. का सांगितलं याचा विचार मी इतकी वर्षं करतोय आणि काही मोठं कारण सापडत नाही. नोकरी गेली नसती. फार तर सर रागावले असते, दोघांचं मिळून काहीतरी निभावलं असतं. पण त्यांनी विचारलं आणि मी खिडकीजवळच्या त्या मुलीसारखा झालो, फक्त ती चुकायला धजायची, मी तेवढाही धजलो नाही. खरं सांगायचं तर हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मध्ये जी शांतता पडली ती मला भरून काढायची होती, आणि हाताशी जे होतं ते टाकून भरली.

डेटा दूषित झाला, असं ठरलं. ‘ब’ तुकडीचे आकडे बाजूला काढले. अहवालात फक्त ‘अ’ तुकडी राहिली: वर्षापूर्वी किती येत होतं, आता किती येतं. वर्षभरात पोरं मोठी होतातच, कुठेही ठेवा. चढता आलेख निघाला आणि सगळे खूष झाले. संशोधकांच्या यादीतून तुझं नाव गेलं. तुझं नाव एकाच ठिकाणी राहिलं, शेवटच्या पानावर, खाली. आवाज: शुभा.

तू पुण्याहून आलीस त्या दिवशी जिन्यात गाठ पडली. खालच्या मजल्यावरचा कोचिंग क्लास सुटला होता, पोरं आपल्याला धक्के देत उतरत होती. तू कठड्याला टेकून बाजूला झालीस आणि म्हणालीस, "तू काय सांगितलंस, श्री?"

आणि थांबलीस.

रानूसमोर थांबली होतीस तशीच. तोच चेहरा. राग नाही, घाई नाही. पोरं संपली, जिना रिकामा झाला, तरी थांबलीस. तेव्हा मला कळलं की तुझ्यासमोर बसलेल्या पोराला काय वाटत असेल. उत्तर आत असतं. ते बाहेर यायला जागा करून दिलेली असते. मला फक्त दहाची ढिगली मोडायची होती.

मी म्हणालो, "जे विचारलं त्याचं उत्तर दिलं."

तू म्हणालीस, "बरं." मग पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिलास. पुण्याहून आणलेल्या बाकरवड्या होत्या.

तुला कळलं होतं का? मला खरंच माहीत नाही. तू सरांना कधी सांगितलं नाहीस की श्रीकांतलाही माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. प्रकल्प सोडून तू घराजवळच्या शाळेत पहिलीला शिकवायला लागलीस आणि मैत्री मात्र तोडली नाहीस. तोडली असतीस तर बरं झालं असतं. दिवाळीला फराळ यायचा. माझ्या पुतणीच्या लग्नानंतर आपण सगळे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो तेव्हा भुट्ट्याचा कीस खात तू पहिलीतल्या पोरांच्या इतक्या गमती सांगितल्यास की माझी वहिनी हसून हसून ठसकली. मी पण हसलो. हसताना मी दर वेळी वाट बघायचो, आता विचारेल. तू परत कधी विचारलं नाहीस. एकदाच विचारायचं आणि थांबायचं, हा तुझा नियम होता. प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पोराला वाटतं आपलं चुकलं, असं तू म्हणायचीस. म्हणजे तू सोडून दिलं होतंस, की अजून थांबली होतीस? हे आता मला कोण सांगणार?

तू गेलीस त्याच्या थोडेच दिवस आधी फोन केलास. तब्येतीबद्दल काही बोलली नाहीस. म्हणालीस, शाळेत कुणीतरी आपलं ॲप लावलं होतं, माझाच आवाज मला ऐकू आला, केवढी तरुण होते रे मी. मग म्हणालीस, "अजून तीनच सेकंद आहेत?"

मी म्हणालो, "बघतो."

एक आकडा, शुभा. मी कधीही बदलू शकलो असतो. तुझं नाव काढल्यानंतर त्याला हात लावणं म्हणजे तू बरोबर होतीस असं म्हणणं झालं असतं, आणि मग पुढचं सगळंच म्हणावं लागलं असतं. म्हणून तो तसाच राहिला आणि इतकी वर्षं तुझा आवाज गावोगावच्या पोरांना घाई करत राहिला. तुझ्यावर मी केलेल्या दोन अन्यायांपैकी हा दुसरा मला जास्त लागतो. पहिला तुझ्या पाठीमागे झाला. हा तुझ्या तोंडून करवून घेतला.

मी गार्गीला फोन केला. जे वर लिहिलंय ते सगळं तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा म्हणेल, काका, आईला ठाऊक होतं, तिने केव्हाच माफ केलं होतं. ती म्हणाली, "काका, मला यातलं काहीच माहीत नाही. आई कधी बोललीच नाही." मग म्हणाली, "आईला काय वाटलं असतं, हे मी कसं सांगू? त्या वर्षी तिच्याबरोबर तर तुम्ही होतात." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच गॅस लावला आणि बंद केला. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. ज्याने ऐकायला हवं ते माणूसच नसेल तर नाही वाटत.

सरांनाही लिहिलं. ते आता निवृत्त आहेत. उत्तर आलं की इतक्या वर्षांनी त्याने काय फरक पडणार. मी ‘ब’ तुकडीचे आकडे शोधून काढलेत आणि त्या वर्गात खरोखर काय घडलं हे सोबत जोडून संस्थेकडे दिलंय. ते छापतील की नाही, सांगता येत नाही. पण एक ऐक, आणि भांड माझ्याशी. तू नियम मोडलास, हे मी अजूनही म्हणतो. बसमध्ये तू म्हणायचीस की हाच आपला निष्कर्ष आहे, मागे कुणीतरी लक्ष देऊन बसलेलं असलं की पोरं शिकतात. एका बाईवरून निष्कर्ष निघत नाही, शुभा. सगळ्या शाळांत मागे बसायला मी शुभा कुठून आणू? खिडकीजवळच्या त्या मुलीला टॅबलेटच उपयोगी पडला, हेही खरंच आहे. पण जे घडलं ते फेकून द्यायला नको होतं. आपण दोघांनी मिळून ते लिहायचं होतं, मध्ये भांडत. ते एकट्याने लिहिताना दर ओळीला मी थांबतो, तू आता काय म्हणशील म्हणून.

तुझा आवाज ठेवला आहे. सेटिंगमधला तो आकडा काढून टाकला. आता तू प्रश्न विचारतेस आणि मुलाने उत्तर देईपर्यंत, किंवा स्वतःहून मदत मागेपर्यंत, गप्प राहतेस. प्रियांका म्हणाली, "सर, बच्चों को लगेगा हैंग हो गया." मी म्हटलं, लगने दो. वजाबाकीच्या धड्याच्या शेवटी मैडम कुछ बोल रही हैं, वो काट दूँ क्या, असंही तिने विचारलं. नको म्हणालो. ते माझ्यासाठी आहे, हे तिला कुठे सांगत बसू.

परवा सांवेरला जाऊन आलो. नवीन ॲप तिथल्या टॅबलेटमध्ये आधी घालायचं होतं. शाळेला रंग दिलाय. मास्तर नवे आहेत, मुलं तर कितव्यांदा नवी. मी मागे जाऊन बसलो, ‘ब’ तुकडी बसायची त्या वर्गात, तुझ्या जागी. मुलांनी टॅबलेट सुरू केले आणि खोलीभर तू बोलायला लागलीस. कुणाची बेरीज, कुणाचा गुणाकार, एकीकडे शाबाश, एकीकडे फिर से सोचो, मेच्या उन्हात रजयांच्या आत बसलेली, केवढी तरुण. इतक्या सगळ्या तू आणि त्यातली एकही माझ्याशी बोलत नव्हती. मग हळूहळू एकेका मुलाचा प्रश्न येत गेला आणि एकेक आवाज बंद होत गेला, आणि एका क्षणी सगळाच वर्ग शांत झाला. बाहेर ट्रॅक्टर गेला तेवढाच. सगळ्या शुभा विचारून थांबल्या होत्या.

मला या शांततेची भीती वाटायची. पडदा बिघडला असं वाटायचं. या वेळी मी ती भरली नाही. बसून राहिलो. आणि मग, कुणाला मराठी कळत नाही अशा त्या वर्गात, मोठ्याने नाही पण तोंडाने, म्हणालो, "मला माहीत होतं, शुभा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

पुढची मुलगी वळली. तिचं उत्तर अजून आलं नव्हतं, तिचा टॅबलेट तसाच थांबलेला होता.

"सर, कुछ बोला?"

"हाँ," मी म्हणालो. "पर तुझसे नी. तू सोच, आराम से."

ती परत वळली आणि विचार करू लागली. तुझ्या आवाजाने तिला घाई केली नाही.